पळसाचा हात

पुतळ्याच्या हातात बांगड्या भरायचं काम माझ्याकडं आलं. घरात कासारीण मीच, आणि पुतळा माझ्याच लेकीचा.

गुरुजींनी अंगणात दर्भ पसरून त्यावर पळसाच्या काड्यांचं आणि पानांचं माणूस मांडलं होतं. डोक्याच्या जागी नारळ. हात, पाय, छाती, सगळं सुतळीनं आवळलेलं. वर वैजूची पोपटी साडी गुंडाळली होती, कॉलेजच्या गॅदरिंगला तिनं हट्टानं घ्यायला लावलेली. शेजारी पाटावर आमचे हे उघड्या अंगानं बसले होते, डोकं भादरलेलं, बोटात दर्भाची अंगठी. फाल्गुन होता. नदीकाठच्या पळसांना नुसती फुलं होती, पानांसाठी भावकीतल्या माणसांना लांब रानात जावं लागलं होतं.

"मुलगी कुमारिका होती ना?" गुरुजी म्हणाले. "मग हिरव्या बांगड्या घाला दोन्ही हातांत. आई आहे, तिनंच घालाव्यात."

वैजूचं माप सव्वादोन. हात लहान, पण अंगठ्याच्या बुडाशी हाड उचललेलं, तिच्या बापासारखं. बांगडी तिथं येऊन अडायचीच. मी तिचा अंगठा आत दाबून, तळहात चोळून चोळून बांगडी पार करायची आणि ती "आई आई" करत बसायची. पळसाच्या हाताला हाड नव्हतं. पहिली बांगडी सरळ कोपरापर्यंत गेली.

वैजू म्हणजे वैजयंती, आमची एकुलती एक. विसाव्या वर्षी घरातून गेली आणि बारा वर्षं तिचा पत्ता लागला नाही. एवढी वर्षं वाट बघून झाली की आमच्याकडं पळसाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि सुतक धरतात. माणूस मेलं असं सगळ्यांनी मिळून ठरवायचं, एवढाच त्याचा अर्थ. माझा त्याला विरोध होता. लोक म्हणायचे, आईचं काळीज आहे, मानायला तयार होत नाही. काळजाचा प्रश्नच नव्हता. ती जिवंत आहे याचा मला पुरावा होता, पण तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. माझी पाळी अजून येत होती.

आता माझी सत्तरी उलटली आहे, त्यामुळं लाजायचं वय गेलं. सांगून टाकते.

आमच्या घरात पाळीला बाजूला बसायची चाल होती. सासूबाई गेल्यावर मी ती मोडू शकले असते, पण खरं सांगते, मोडावीशी वाटली नाही. दुकानात दिवसभर बायकांचे हात दाबून बोटं सुजायची. तेवढेच काय ते दिवस मागच्या पडवीत पोत्यावर बसून आयतं खायला मिळायचं. वैजू शहाणी झाल्यावर पडवीत दोन पोती पडायला लागली. माझी पाळी आधी ठरल्या दिवशी येणारी, तिची लहरी. परीक्षा आली की लांबायची, ताप आला की आठवडाभर आधी हजर. गंमत म्हणजे तिची माझ्यासारखी व्हायच्या ऐवजी माझीच तिच्यामागं जायला लागली. तिची लांबली की माझी लांबायची. गोदावन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, विधवा होऊन आमच्याकडंच राहायच्या. त्या लांबून ताटं सरकवायच्या आणि कुरकुरायच्या, "मायलेकी एकदमच बसताय. मी एकटीनं किती राबायचं?"

आम्ही दोघी तिथं काचापाणी खेळायचो. कासाराच्या घरात काचांना काय तोटा? वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे जमिनीवर उधळायचे आणि दुसऱ्या तुकड्याला धक्का न लावता एकेक उचलायचा. धक्का लागला की डाव गेला. वैजूचा हात हलका होता. मी एवढी कासारीण, पण तिनं मला कधी जिंकू दिलं नाही.

ह्यांनी तिला न विचारता तिचं लग्न ठरवलं, एका घाऊक व्यापाऱ्याच्या मुलाशी. तिला नर्सिंगला जायचं होतं. बापलेकीचं हाड सारखं तसा हट्टही सारखा. शेवटी हे म्हणाले, "उंबरा ओलांडलास तर मला मेलीस." ती सकाळच्या एसटीनं गेली. मग पोलीस झाले, पाहुणेरावळे झाले, देवऋषीसुद्धा झाले. दोनदा नदीत बाई सापडली म्हणून ह्यांना ओळख पटवायला बोलावलं. दोन्ही वेळा ती वैजू नव्हती. परत आले की हे कुणाशी न बोलता अंगावर थंड पाणी ओतत बसायचे.

ती गेली तेव्हा मला चव्वेचाळीस होतं. त्याच महिन्यात माझी पाळी लांबली. पुढच्या महिन्यात आठवडाभर आधी आली. पडवीत बसल्या बसल्या मला कळलं, वैजूला कुठंतरी ताप आला होता. म्हणजे वैजू होती.

तेव्हापासून पाळी आली की मी दोन पोती टाकायची. वन्सं विचारायच्या, "दुसरं कशाला?" मी म्हणायची, "पाय पसरायला." आणि त्यांना शिरा करायला लावायची. बाजूला बसलेल्या बाईला शिरा कशाला हवा, असं त्या म्हणायच्या, पण करायच्या. मग मी काचा मांडायची. माझा डाव मी खेळायची, तिचाही मीच. खोटं खेळायची नाही. तरी दर वेळी तीच जिंकायची. दोनतीनदा मी मुद्दाम तिच्या डावात तुकड्याला नख लावून बघितलं. तुकडा हलला नाही. संध्याकाळी उठताना दुसऱ्या पोत्याकडं बघायची, तर मध्ये बसकण पडलेली असायची. मला भीती वाटत नव्हती. उलट बरं वाटायचं.

पन्नाशी आली, गेली. माझ्या बरोबरीच्या सगळ्याजणी सुटल्या. दुकानात चेष्टा चालायची.

"कासारवहिनी, अजून? बघा हां, एखादं होऊन बसेल."

"होऊ दे की. तुमच्याकडं आणून टाकते सांभाळायला."

चोपन्नाव्या वर्षी वन्संनी मला मिरजेला डॉक्टरीणबाईंकडं नेलंच. बाईंनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं.

"वाईट काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "काही बायकांची उशिरा जाते. दर वर्षी दाखवत चला. अगदीच त्रास होत असेल तर पिशवी काढायचा विचार करू."

"काढूनच टाका," वन्सं म्हणाल्या. "आता काय कामाची हाय ती?"

"नको," मी म्हणाले.

"ऑपरेशनची भीती वाटते का?" बाईंनी विचारलं.

"पिशवी काढली तर मला कळणार कसं?"

"काय कळणार?"

मी चपला घालायला लागले.

ह्यांना मात्र एकदा सगळं सांगितलं. हसतील वाटलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, "आणि बंद झाली तर?"

"तर तुम्ही म्हणाल ते करू," मी म्हणाले.

त्यानंतरच्या वर्षी नवरात्र झालं आणि पाळी आलीच नाही. लांबली असेल म्हणून थांबले. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी पाळी नसतानाच पडवीत दोन पोती टाकून बसले, काचा मांडल्या. तिचा डाव आला आणि पहिल्याच तुकड्याला माझ्या हातून तीन तुकडे हलले. पुन्हा मांडल्या, पुन्हा हलले. दुसरं पोतं सपाट होतं. पडवीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तेव्हा मी तोंडात पदर कोंबून रडले.

बाहेर सगळ्या म्हणत होत्या, सुटलात. वन्संनी देवापुढं साखर ठेवली. दुकान चालूच होतं. लग्नाचे चुडे, डोहाळजेवणाचे चुडे, मी भरत होते. वर्ष उलटल्यावर हे एक दिवस जेवताना म्हणाले, "इंदू, तू शब्द दिला होतास."

"हो."

"ती स्वप्नात पाणी मागते गं. बारा वर्षं तिला कुणी पाणी दिलं नाही."

मी मान हलवली. असा तो पुतळा अंगणात आला.

तर डाव्या हातातल्या बांगड्या झाल्या होत्या. उजव्या हातातली शेवटची बांगडी मी उचलली आणि मांडीवरून ऊन काहीतरी ओघळलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची ओळख ती, काय आहे हे वेगळं बघावं लागलं नाही. बांगडी तशीच हातात राहिली.

"थांबा," मी म्हणाले.

गुरुजींचे मंत्र चालू होते. त्यांनी हातानंच गप्प बसा म्हणून खुणावलं.

"थांबवा हे. मी बाजूला झाले."

मंत्र थांबले. अंगणात भावकीतली दहाबारा माणसं होती, सगळी दुसरीकडंच बघायला लागली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "ह्या वयात?"

वन्सं पुढं आल्या. "इंदू, काय बोलतीस? दीड वर्ष झालं बंद होऊन. तुला पोरीला सोडवत न्हाई, म्हणून हे सोंग काढलंस व्हय?"

"वन्सं, आत चला आणि डोळ्यांनी बघा."

त्या आल्या. बघितलं. चौकटीला धरून खाली बसल्या. मग बाहेर जाऊन ह्यांना म्हणाल्या, "खरं हाय रे."

गुरुजींनी पळी-पंचपात्र आवरायला घेतलं. "मग हे कर्म आता होत नाही. हिचा स्पर्श झालाय, सगळं बाद. पुढच्या आठवड्यात नवा पुतळा, नवा मुहूर्त."

"आणि ह्याचं काय करायचं?" ह्यांनी विचारलं.

गुरुजी पुतळ्याकडं बघत राहिले. "असा प्रसंग मी पाहिलेला नाही. जाळता येणार नाही. कुणी हातही लावू नये."

माणसं एकेक करून निघून गेली. पुतळा अंगणात उन्हात पडून राहिला. कुत्री कुंपणापाशी घोटाळायला लागली, तेव्हा मी म्हणाले, "मी आधीच बाजूला आहे. मी नेते."

पळसाच्या काड्या त्या, वजन ते किती असणार? पण उचलताना माझा तोल गेला. पूर्ण वाढलेली पोर उचलावी तेवढं ओझं होतं. कशीबशी पडवीत नेली आणि दुसऱ्या पोत्यावर निजवली.

ते तीन दिवस मी कधी विसरणार नाही. वन्सं ताट सरकवायच्या ते मान फिरवून.

"वन्सं, शिरा करा."

"आज? सुतकाच्या घरात?"

"सुतक कुणाचं?"

त्या पाय आपटत आत गेल्या. शिरा मात्र आला. मी काचा मांडल्या. तिच्या डावात सगळे तुकडे उचलून झाले आणि एकही हलला नाही. मी हसले, वेड्यासारखी एकटीच हसले. पण त्याच वेळी मनात काहीतरी टोचत होतं. पळसाची पानं सुकताना कुरकुरायची, झोपेत माणूस कण्हतं तशी. नारळाचे तीन डोळे माझ्याकडं होते. मी हाताला हात लावला तर तो तापलेला लागला. पडवीत दुपारी ऊन येतं, त्यामुळं असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, तरी हात तापलेलाच. आणि सुतळ्या. पानं सुकली की सुतळी सैल पडायला हवी. ह्या सुतळ्या जास्तच रुतत चालल्या होत्या. छातीवरची तर पार आत गेली होती. मी सोडायला गेले, तर गाठीत माझी नखं शिरेनात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हे पडवीच्या पायरीपाशी आले.

"शिवू नका," मी म्हणाले.

ते आले आणि पोत्याच्या कडेला बसले. "खरंच आली, इंदू?"

"खरंच."

"आजार असेल. ह्या वयात परत येणं बरं नसतं म्हणतात."

"असेल. उद्या मिरजेला जाऊ. पण आधी हिला सोडा."

"कुणाला?"

"हिला. तुम्ही बांधलीय. मला सुटत नाही."

ह्यांनी पुतळ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं. गाठी त्यांनीच मारल्या होत्या, गुरुजींच्या सांगण्यावरून. त्यांनी छातीवरची गाठ धरली. "मीच म्हणालो होतो तिला, मेलीस म्हणून," ते म्हणाले. बारा वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं. मग गाठ सुटली. पानं एकदम फुलून वर आली. मग डावा हात, मग उजवा, मग पाय. बांगड्या घरंगळत जमिनीवर आल्या. एकही वाढली नाही. शेवटी पोत्यावर साडी, नारळ आणि पाचोळा राहिला. हे त्याच्यापाशी बसून रडले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. कोण कुणाला शिवलं, ते बघायला तिथं कुणी नव्हतं.

मिरजेला डॉक्टरीणबाई रागावल्याच. "वर्षभर थांबून पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवसही घरी बसायचं नसतं." त्यांनी पिशवीच्या आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत ह्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. निकाल चांगला आला. "मला कारण सापडत नाही," बाई म्हणाल्या, "पण तुम्ही येत राहा." मी येत राहिले. पाळीही येत राहिली, कधी लवकर, कधी उशिरा, वैजूच्या चालीनं. नव्या पुतळ्याचं नाव ह्यांनी पुन्हा काढलं नाही.

पुढचा मार्गशीर्ष आला. गुरुवारची गर्दी ओसरल्यावर मी दुकानात बांगड्यांचे जोड लावत होते. दारातलं ऊन अडलं. काखेत पोर घेतलेली एक बाई आत येऊन पाटावर बसली आणि तिनं डावा हात पुढं केला. तोंड उजेडाच्या आड होतं.

"कुठलं गाव?" मी विचारलं. ती बोलली नाही. आमच्याकडं लाजणाऱ्या बायका पुष्कळ येतात. मी हात हातात घेतला. खरखरीत झालेला, फिनेलनं सालं गेलेली. कामाचा हात होता. बघूनच सव्वादोनची हिरवी काढली आणि चढवायला घेतली.

बांगडी अंगठ्याच्या बुडाशी अडली.

मी वर बघितलं नाही. बघायचं धैर्य नव्हतं. अंगठा आत दाबला आणि तळहात चोळत राहिले.

"आई आई," ती हळूच म्हणाली.

बांगडी पार झाली. मी तो हात सोडलाच नाही. किती वेळ तशा बसलो, कोण जाणे. हे आतून काहीतरी विचारत बाहेर आले आणि जागच्या जागी उभे राहिले. वैजू उठली, पण पाय उंबऱ्याच्या अलीकडंच ठेवून म्हणाली, "येऊ का आत, बाबा?"

ह्यांनी तिच्या काखेतली पोर घेतली आणि घरात गेले. पोर आत गेल्यावर आई बाहेर कशी राहणार?

ती हुबळीला होती. एका दवाखान्यात आधी आया, मग शिकून नर्सच्या हाताखाली. बसवराज नावाच्या छापखान्यातल्या माणसाशी लग्न केलं होतं. "चांगला आहे," ती म्हणाली, "जास्त बोलत नाही." संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो तेव्हा वन्संनी विचारलं, "पोरी, एक फोन तरी करायचास गं."

"मेलेलं माणूस फोन करतं का, आत्या?"

ह्यांची मान खाली गेली. वैजूलाही ते बोलून वाईट वाटलं असावं. ती जरा वेळानं म्हणाली, "नसतेच आले मी. गेल्या फाल्गुनात फार आजारी पडले. बाळ आठ महिन्यांचं होतं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच त्या दिवशी बाजूला झाले, आणि अंगात ताप भरला. अंग कुणीतरी बांधून ठेवल्यासारखं. छाती आवळलेली, श्वास घेता येईना. डावा हात उचलेना. आमच्या डॉक्टरांना काही कळेना. तीन दिवस तशी पडून होते."

"मग?" मी विचारलं.

"मग तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आपोआप सुटलं. आधी छाती सुटली, मग हात. उठून बसले आणि पहिल्यांदा मनात आलं, घरी जाऊन यावं. धीर व्हायला एवढे महिने गेले. बाबांनी दार लावलं तर लावलं."

हे ताटावरून उठले. निम्मं ताट तसंच होतं. मोरीत जाऊन त्यांनी हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले. वन्सं माझ्याकडं बघत होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

चार दिवसांनी आम्ही दोघी एकदमच बाजूला झालो. मी पडवीत दोन पोती टाकली. "काचा आहेत अजून?" तिनं हसून विचारलं. तुकड्यांचा डबा बघून तिला आश्चर्य वाटलं. पोर वन्संच्या मांडीवर निजली होती, घर शांत होतं. वैजूनं काचा उधळल्या आणि खेळता खेळता सहज बोलावं तसं बोलायला लागली.

"लग्नाला आठ वर्षं झाली तरी मूल होईना, आई. देव केले, औषधं केली. दर महिन्याला आशा लावून बसायची, आणि दर महिन्याला पाळी यायचीच. आली की मोरीत जायची, नळ मोठा सोडायची आणि रडायची. बसवराजला आवाज जाऊ नये म्हणून."

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला. मग त्या वर्षी नवरात्र झालं आणि आलीच नाही. माझा विश्वासच बसेना. दिवाळी गेली तेव्हा कुठं सांगितलं त्याला."

तिनं एक तुकडा उचलला. बाकीचे हलले नाहीत. मी हातातली काच घट्ट धरून बसले होते. तळव्यात ती रुतली, ते नंतर कळलं.

आठ वर्षं ती तिकडं नळ सोडून रडत होती आणि मी इथं ह्याच पोत्यावर बसून शिरा खात होते. आणि ती पोटावर हात ठेवून दिवस मोजत होती, तेव्हा मी तोंडात पदर कोंबून तिला रडत होते. महिन्याला दोनचार डोहाळजेवणांचे चुडे भरणारी मी. पाळी चुकली म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. मला तेवढं सुचू नये? माझ्या होकारानं तिला बांधली होती, अंगावर पाजती बाळंतीण.

"काय झालं, आई?"

"काही नाही. हात बघते तुझा. अजून हलका आहे."

"तुझा डाव," ती म्हणाली. शिऱ्याचं मी तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

ती संक्रांत करूनच जाते म्हणाली, म्हणून राहिली. पुढच्या महिन्यात एक दिवस सकाळी मी दुकानाचं कुलूप काढत होते आणि ध्यानात आलं, माझी तारीख टळून आठवडा झाला. इतक्या वर्षांची सवय ती, एका महिन्यात कशी जाईल? कुलूप तसंच टाकलं आणि घरातून मागं पळत सुटले. पाळी आली नाही, वैजूला काहीतरी झालं, एवढंच डोक्यात होतं.

वैजू पडवीत बसली होती, पोत्यावर. ती त्या सकाळीच बाजूला झाली होती, एकटीच. पोर तिच्या मांडीत होती आणि वैजू तिच्या हातात बाळबांगडी चढवायची खटपट करत होती. पोर "आई आई" करून हात ओढून घेत होती.

माझी पाळी त्यानंतर कधीच आली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अखेर गेली एकदाची. मी हो म्हटलं.

त्या सकाळी मी पडवीच्या दारात धापा टाकत उभी होते. वैजूनं वर बघितलं.

"आई, हिला माप चुकलं का गं? सारखी इथंच अडतेय."

मी खाली उतरले. तिच्या पोत्यावर मी पहिल्यांदाच बसले.

"माप बरोबर आहे," मी म्हणाले. "हाड बाबांचं आहे. आण तिला इकडं."